घोंगडी बोळाची बाज

मित्रांनो, घरात सोफा आला की खाट अंगणात जाते, आणि अंगणही नसलं की भिंतीला टेकून उभी राहते. अशीच भिंतीला टेकलेली एक म्हातारी बाज तुमच्याशी बोलते आहे. मला खाट म्हणा, बाज म्हणा, राग नाही. पण लाकडाचा सांगाडा म्हणू नका. परवा एक भंगारवाला तसं म्हणाला, तेव्हा आमच्या बोळातल्या बायकांनी त्याला चौकापर्यंत पोचवला. त्याची हातगाडी मात्र आधीपासून चौकातच होती, कारण ती आत शिरलीच नव्हती.

माझा मुक्काम हिंगोलीच्या जुन्या गावात, घोंगडी बोळात आहे. पूर्वी इथे मेंढ्या पाळणाऱ्या धनगरांची घरं होती आणि घरोघर लोकरीची घोंगडी विणली जायची. आता विणणारे गेले, नाव राहिलं. बोळ किती अरुंद म्हणाल, तर भाजीला मीठ कमी पडलं तर उंबरा ओलांडावा लागत नाही. खिडकीतून हात लांबवला की समोरच्या घरातली मिठाची बरणी हाती येते. ऊन फक्त भरदुपारी अर्धा तास उतरतं. मे महिन्यात सगळ्या गावाची लाही होते, तेव्हा आमच्या बोळात दुपारी बायका दारात बसून तांदूळ निवडतात. हे सुख नव्या कॉलनीत नाही. पण कपाट घ्यायचं झालं तर ते दोराला बांधून छतावरून आत येतं आणि गॅसची टाकी चौकातून खांद्यावर आणावी लागते, हेही खरं.

मला पंचफुलाबाईच्या सासऱ्यांनी बनवून घेतलं. लाकूड बाभळीचं, विणकाम सुतळीचं. रुंदी सव्वादोन हात, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, असे सव्वादोन. माझ्यावर दोन मोठी माणसं ऐसपैस झोपत आणि मध्ये एक लेकरू लोळत असे. बोळात रिक्षा येत नसल्यामुळे आजारी माणूस माझ्यावरूनच चौकापर्यंत जाई. बाळंतिणी माझ्यावरून गेल्या आणि कुशीत लेकरू घेऊन माझ्यावरूनच परत आल्या. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या सासऱ्यांनीच बोळाला एक नियम घालून दिला. दारात काय बांधायचं ते बांधा, पण बाज निघली पाहिजे. कुणाला ओटा, जिना, न्हाणी काहीही बांधायचं असलं, की आधी त्या जागी नुसत्या विटा रचायच्या. मग चार जणांनी मला पुढून-मागून धरून बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. मी कुठे घासले नाही, तर बांधकाम मंजूर. सासरे गेल्यावर हा न्याय पंचफुलाबाईंकडे आला. अंगानं भारदस्त बाई, आवाजही तसाच. पदर खोचून त्या मधोमध उभ्या राहत आणि निकाल देत.

"निघली. बांध." नाहीतर, "न्हाई निघली. इटा उचल."

या निकालावर कुणी वर मान करून बोलत नसे. खरं सांगते, या मानापानामुळे मी जरा फुगलेच होते. पण लाकूड मानानं फुगत नाही, मित्रांनो. माझं तर उलटंच झालं.

बोळात नळ आले. नळ आले पण पाणी चौथ्या दिवशी येऊ लागलं, म्हणून साठवण हवी झाली. पंचफुलाबाईंना दाराबाहेर छातीएवढा हौद बांधायचा होता. एका दुपारी सगळे झोपलेले असताना त्यांनी विटा रचल्या, मला एकटीनं ओढत आणून तिथे लावलं आणि पाहिलं. चार बोटं कमी पडत होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की बाजेला कीड लागली आहे, आणि मला ग्यानोबा सुताराकडे पाठवलं.

ग्यानोबानं मला उलटी केली, सुलटी केली. "वैनी, कीड कुठं हाय?"

"तुला दिसत न्हाई? चष्मा लाव. आडवी लाकडं चार चार बोटं काप अन् कुणाला बोलू नको."

ग्यानोबानं कापलं. मी नव्या सुतळीत नटून परत आले. चार जणांनी मला नेलं, मी हौदाला घासले नाही. "निघली," म्हणाल्या पंचफुलाबाई, आणि लोकांनी वर त्यांचं कौतुक केलं, की बाईनं स्वतः लक्ष घालून सामायिक वस्तू दुरुस्त करून आणली.

दोन वर्षांनी मुंजाजींना माळ्यावर जायला बाहेरून जिना हवा झाला. मुंजाजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शिपाई, अंगानं पंचफुलाबाईंच्या तोडीचे. ते म्हणाले, "वैनी, बाज लई ढिली झाली. मी नेऊन आणतो, तुमाला तकलीफ नको." पुन्हा ग्यानोबा, पुन्हा चार बोटं, पुन्हा कुणाला बोलू नको. मग धरमसिंगांना न्हाणी बोळाकडे सरकवायची होती. त्यांचं घर लांबलचक, एक टोक पंचफुलाबाईंच्या समोर, दुसरं मुंजाजींच्या. धरमसिंग आखाडा बाळापूरकडच्या एका तांड्यावरचे, एसटीत कंडक्टर, बोलायला फार गोड. "मावशी, बाजेची सेवा करायचा मौका आमालाबी द्या की." चार बोटं. आणखी तीन घरांनी अशीच माझी सेवा केली. त्यांची नावं सांगत नाही, ते अजून मला पावसात आत घेतात.

सहा वेळा चार बोटं म्हणजे चोवीस बोटं, अख्खा एक हात झाला. सव्वादोन हातांची मी सव्वा हातावर आले. माझ्यावर आता माणूस एका कुशीवरच झोपू शकत होता, आणि कूस बदलायची तर आधी उठावं लागे. माझ्या अंगातून निघालेल्या तुकड्यांचे ग्यानोबानं नातवंडांना भोवरे करून दिले. शब्दाचा पक्का माणूस. सहा जणांना वचन दिलं आणि सहाही पाळली. प्रत्येक घराला वाटत होतं की ही लबाडी आपण एकट्यानंच केली. बोळात जो तो फुशारकीनं सांगे, की बाकीच्या गल्ल्या आवळत चालल्या, आपल्याकडे बघा, अजून बाज निघते.

पंचफुलाबाईंचा मुलगा शिवहार मात्र कंटाळला होता. त्यानं नरसी रोडला नव्या कॉलनीत प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या आणि दोन वर्षं आईच्या मागे लागला होता. "माय, तिथं दारात गाडी येते. चल."

"दारात गाडी येऊन काय करती? गाडी बोलती का माझ्यासंगं?" एवढं बोलून त्या खिडकीतून समोरच्या जिवनबाईंना, म्हणजे धरमसिंगांच्या बायकोला, भाजी काय केली ते विचारत. तिथे त्यांना सगळ्यांचं सगळं कळत होतं आणि सगळ्यांना त्यांचं. एवढं सुख सोडून त्या कशाला जातील?

मग मागच्या आषाढात, सकाळी दहाच्या सुमाराला, पंचफुलाबाई स्वतःच्याच हौदाशी शेवाळावरून घसरल्या आणि खुब्यावर पडल्या. उठता येईना. सून राजनंदिनीनं फोन करून रुग्णवाहिका बोलावली. ती बिचारी वेळेवर आली, चौकात थांबली. तिच्या माणसांनी चाकाचं स्ट्रेचर आत ढकललं, ते मुंजाजींच्या जिन्यापाशी अडकलं. मुंजाजींचा जिना आणि धरमसिंगांची न्हाणी समोरासमोर होती ना.

"स्ट्रेचर ऱ्हाऊ द्या," मुंजाजी म्हणाले. "आमची बाज निघते. आजवर कधी अडली न्हाई."

इतक्या वर्षांनी मला हाक आली. ऊर भरून आला माझा. पंचफुलाबाईंना चादरीसकट उचलून माझ्यावर ठेवलं. सव्वा हाताची मी आणि त्या भारदस्त. दोन्ही बाजूंनी त्यांची कोपरं बाहेर आली, दुखऱ्या खुब्याची बाजू तर सगळीच बाहेर. चार जणांनी मला उचललं. आम्ही जिना आणि न्हाणी यांच्या मध्ये शिरलो, आणि थांबलो. मी पुढे सरकत होते, मित्रांनो. माझं लाकूड कुठेही लागत नव्हतं. बाई अडकल्या होत्या. मोडल्या खुब्यानं त्यांना बसवता येईना, उभं करता येईना, आणि मागे न्यायचं तर मागे घरच होतं, दवाखाना नव्हता.

"मुंजाजीमामा, जिना पाडा," धरमसिंग म्हणाले.

"तुमची न्हाणी काहून न्हाई पाडत?"

"माझी न्हाणी बाज नेऊन पास झाली हाय."

"मंग माझा जिना काय लाचेवर पास झाला?"

माझ्यावर एक बाई विव्हळत होती आणि तिच्या वरून हे दोघं असे भांडत होते. इतक्यात मागून कुणीतरी शहाणपणा केला, की ग्यानोबाला बोलवा, बाज अजून चार बोटं कापू. ग्यानोबा गर्दीतच होता. तो पुढे आला, माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा बांध फुटला.

"अजून कापू? सहा डाव कापली. मुंजाजी, तुमी आले. धरमसिंग, तुमी आले. समदे आले. आता कापायला बाज ऱ्हायली न्हाई, आता वैनीलाच कापावं लागंन."

जो तो दुसऱ्याकडे चोरून बघू लागला. मुंजाजी धरमसिंगांना म्हणाले, "म्हंजे तुमीबी?" आणि धरमसिंग म्हणाले, "म्हंजे तुमीबी?" तेव्हा माझ्यावरून क्षीण आवाज आला.

"भांडू नका. पहिली करवत मीच मारली. हौदासाठी."

राजनंदिनी एरवी सासूसमोर मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "इतकी वर्सं तुमी नुसती बाज नेऊन पाहिली. रिकामी. तिच्यावर माणूस असतंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई का?"

कुणाच्याच आलं नव्हतं. अगदी माझ्याही.

मुंजाजी घरात गेले आणि पहार घेऊन आले. तिकडे धरमसिंगांनी न्हाणीच्या भिंतीवर पहिला घाव घातला, तेव्हा आतून जिवनबाईंचा आवाज आला, "थांबा, माझी बादली काढू द्या." बादली बाहेर आली, मग भिंत. पाऊण तासात इकडच्या चार पायऱ्या आणि तिकडची वीतभर भिंत पडली आणि आम्ही चौकात पोचलो. तो पाऊण तास पंचफुलाबाईंनी कसा काढला हे मीच जाणते. सगळ्या वेळात त्यांनी माझी सुतळी मुठीत घट्ट धरली होती.

खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून शिवहारनं आईला थेट कॉलनीत नेलं आणि या वेळी त्यांना नाही म्हणता आलं नाही. तिथे रस्ता रुंद, दारात गाडी, वॉकर घेऊन मनसोक्त फिरायला जागा. पण दुपारी वाऱ्याशिवाय दार कुणी वाजवत नव्हतं. समोरच्या प्लॉटवर घरच नव्हतं. राजनंदिनी फोनवर बोळातल्या बायकांना सांगे, की आत्याबाई दिवसभर खिडकीत बसतात आणि रिकाम्या प्लॉटकडे बघून विचारतात, आज जिवनबाईनं काय केलं असंल?

दोन महिन्यांनी त्यांनी बोळात फोन केला. "आधी माझा हौद पाडा," म्हणाल्या, "मंग दुसऱ्याच्या दारात जा. अन् बाज पुन्हा रुंद करा. मला यायचं हाय."

शिवहारनं फोन घेतला. "मी मायला दाखवायला आणतो. पण पुन्हा अडकंल असं वाटलं, तर त्याच आटोनं वापस नेईन. मंग पुन्हा कुणी बोलवू नका."

बोळ कामाला लागला. हौद पाडून छतावर प्लास्टिकची टाकी बसवली. ग्यानोबाकडे सहाही घरं गेली, या वेळी उघडपणे. ज्यानं जेवढं कापलं तेवढं परत द्यायचं असं ठरलं. पण ठरवणं वेगळं आणि देणं वेगळं. एकजण म्हणाला, चार बोटं जरा जास्तच होतात. दुसरा म्हणाला, तू तीन देतोस तर मी दोन. शेवटी प्रत्येकानं एकेक बोट दिलं. कापताना चार आणि परत देताना एक. मी दीड हातांची झाले, आणि त्यावर लोकांनी नारळ फोडला.

पंचफुलाबाई येणार त्या दिवशी सगळा बोळ झाडून काढला होता. रिक्षा चौकात थांबली. शिवहारनं तिला थांबायला सांगितलं. वॉकर टेकत, एकेक पाऊल टाकत बाई आत आल्या. दारादारातून बायका त्यांच्याशी बोलत होत्या, त्या प्रत्येकीला उत्तर देत होत्या, आणि चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. मुंजाजींच्या घरापाशी त्या थांबल्या. पाडलेल्या जिन्याच्या जागी नव्या विटा रचून ठेवल्या होत्या.

"हे काय हाय?"

"अर्धाच जिना, वैनी," मुंजाजी घाईघाईनं म्हणाले. "माळ्यावर जायला वाट न्हाई. शिडीनं चढताना परवा पडता पडता वाचलो. अन् आमी बाज नेऊन पाहिली, नवी बाज. बराबर निघते."

धरमसिंगांनी होकारार्थी मान हलवली. ती का हलवली, ते त्यांच्या न्हाणीपाशी रचलेल्या विटा बघून कळत होतं. शिवहारनं आईचा दंड धरला. "चल माय. आटो थांबलाय."

पंचफुलाबाई हलल्या नाहीत. म्हणाल्या, "बाज आणा."

मला आणलं.

"मुंजाजी, झोप हिच्यावर."

"मी?"

"जिना तुझा हाय ना? तूच झोप. बाकीचे उचला."

मुंजाजी संकोचत आडवे झाले. मी कण्हले, पण कुणाला ऐकू गेलं नाही. चौघांनी उचललं. जिवनबाई दारात येऊन म्हणाल्या, "अगं माय, जित्या माणसाला असं काहून नेऊन राहिले?" पोरं हसली. मुंजाजीही हसले, पण विटांपाशी आलो आणि त्यांचं एक कोपर विटांना लागलं, दुसरं न्हाणीला. आम्ही थांबलो. उचलणारे चौघं दमू लागले होते.

"सरका पुढं," मुंजाजी खालून म्हणाले.

"कसं सरकावं? तुमी अडकले," वरून उत्तर आलं.

मुंजाजी उताणे पडून होते. वर दोन भिंतींच्या मध्ये आभाळाची एक पट्टी होती आणि तिच्या कडेनं सगळ्यांचे चेहरे खाली बघत होते. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"वैनी," ते म्हणाले, "त्या दिशी तुमाला असंच दिसत व्हतं का?"

"व्हय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "अन् तुमी समदे वरून भांडत व्हते."

मुंजाजींनी खाली ठेवायची खूण केली, उठले, आणि वाकून पहिली वीट स्वतः उचलली. मग दुसरी. धरमसिंगांनी थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं आणि शर्टाच्या बाह्या मागे सारून आपल्या न्हाणीकडे वळले. ग्यानोबा माझ्याजवळ येऊन बसला आणि त्यानं खिशातून टेप काढला. "आता बोटं मोजायची न्हाईत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "सव्वादोन हात. पहिल्यासारखी."

मग शिवहार चौकात गेला आणि रिक्षा रिकामीच परत पाठवून आला. पंचफुलाबाई वॉकर टेकत आपल्या दारापर्यंत गेल्या. कुणी धरलं नाही, कुठे अडल्या नाहीत. आत जाऊन खिडकी उघडली आणि समोर विचारलं, "जिवनबाई, आज काय केलं?" जिवनबाईंनी उत्तर देण्याऐवजी वाटीच पुढे केली. मेथीची भाजी होती.

मित्रांनो, मुंजाजींचा जिना आता घराच्या आतून वर जातो. त्यासाठी त्यांची देवघराची जागा बदलली, यावरून घरात चार दिवस धुसफूस झाली. उरलेल्या तीन घरांनीही आपापलं बांधकाम मागे घेतलं. मी पुन्हा सव्वादोन हातांची आहे, भिंतीला टेकून उभी असते आणि नव्या लाकडाचा वास अजून अंगाला येतो. तुमच्या गल्लीत माझ्यासारखी बाज असेलच असं नाही. असली तर तिला पावसात बाहेर सोडू नका. दाट वस्तीत राहायचं म्हणजे जागा थोडी आणि गरजा फार, हे मला पटतं. पायरी लागते, न्हाणी लागते, पाणी तर लागतंच. बांधा खुशाल. पण बांधण्याआधी आडवे होऊन शेजाऱ्यांना एकदा आपल्याला उचलून न्यायला सांगा. आणि त्या वेळी बाजेवर दुसऱ्या कुणाला झोपवू नका. स्वतः झोपा.